शर्यतीच्या मोटारीचे नाक आणि हवेचा विरोध

वाहनाचा वेग जसजसा वाढतो, तसतसा हवेचा विरोध त्याच्या गतीला मोठा अडसर ठरतो. वेग दुप्पट झाला की हा विरोध सुमारे चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी इंजिनाला आठपट शक्ती खर्चावी लागते. म्हणूनच शर्यतीच्या मोटारीचा पुढील निमुळता भाग, म्हणजेच तिचे नाक, कसे असावे, याला अभियंते फार महत्त्व देतात.

नाकाचे कार्य

समोरून येणारी हवा नाकाच्या टोकाशी थबकते; तेथे तिचा दाब सर्वाधिक असतो. तेथून ती वर, खाली व दोन्ही बाजूंना विभागली जाते. नाक सपाट व धारदार कडांचे असल्यास हवा पृष्ठभागापासून सुटते, भोवरे निर्माण होतात आणि विरोध वाढतो. कडा गोलाकार असल्यास ती पृष्ठभागालगत वाहत राहते. हा फरक वर्गातही दाखविता येतो. बाटलीआड ठेवलेली पेटती मेणबत्ती बाटलीवर समोरून फुंकर घातल्यास विझते. तेवढ्याच रुंदीच्या पुठ्ठ्याआड ती सहसा विझत नाही, उलट ज्योत पुठ्ठ्याकडे झुकते.

दोन प्रयोग

इंग्लंडमधील लाकडाचे व्यापारी केन टिरेल यांच्या फॉर्म्युला वन संघाचे दोन प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. १९७६ साली अभियंते डेरेक गार्डनर यांनी 'पी-३४' ही सहा चाकांची मोटार शर्यतीत उतरविली. पुढील चार चाके लहान करून ती रुंद नाकाच्या आडोशाला ठेवली, की हवेचा विरोध घटेल, ही त्यामागील कल्पना. त्या वर्षी स्वीडनमधील शर्यतीत या मोटारींनी पहिले दोन क्रमांक पटकाविले. तथापि मागील मोठी चाके उघडीच राहिल्याने विरोधातील घट मर्यादितच राहिली.

१९९० साली याच संघाच्या हार्वे पोस्टलथवेट व ज्याँ-क्लोद मिजो यांनी '०१९' या मोटारीचे नाक उंच उचलले. येथे उद्देश निराळा होता. नाकाखालून अधिक हवा तळाकडे जावी, तेथे ती वेगाने वाहून दाब कमी व्हावा आणि मोटार रस्त्याला घट्ट धरून राहावी, असा तो विचार होता. अशी पकड मिळाल्यास वळणावर वेग फारसा कमी करावा लागत नाही. ज्याँ आलेझी यांनी त्याच वर्षी मोनॅकोत या मोटारीतून दुसरा क्रमांक मिळविला. पुढे उंच नाकाची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

सुरक्षिततेची मर्यादा

नाक हे टकरीचा आघात स्वतः चुरडून शोषून घेणारे कवचही होय. मात्र ते उंच असल्यास दुसऱ्या मोटारीवर बाजूने आदळताना तिच्या चालकाच्या डोक्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने २०१२ साली नाकाची उंची मोटारीच्या तळपातळीपासून ५५ सेंटिमीटरपर्यंत मर्यादित केली. चालकाच्या बैठकीपुढील भाग याहून उंच असल्याने अनेक मोटारींच्या नाकावर बेढब पायरी दिसू लागली. २०१४ साली नाकाच्या टोकाची उंची सुमारे १८.५ सेंटिमीटरवर आणण्यात आली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हवेचा विरोध कमी करणे हा नाकाच्या रचनेचा केवळ एक हेतू आहे. रस्त्यावरील पकड आणि माणसाचा जीव यांचाही तिच्यात विचार करावा लागतो. आणि या तिहींत तडजोड करण्याची वेळ आली, तेव्हा नियमांनी जिवालाच अग्रक्रम दिला आहे.