डॅशबोर्डवर ऑर्डर जास्त दिसतायत? लॉगमधल्या डुप्लिकेट नोंदी कशा शोधायच्या



मागच्या व्हिडिओत आपण ऑनलाइन दुकानाच्या सर्व्हरवरची ऑर्डरची लॉग फाइल फाइलबीटने उचलली, लॉगस्टॅशमधून इलॅस्टिकसर्चमध्ये नेली आणि किबानावर 'आजच्या ऑर्डर' हा बोर्ड लावला. आज त्याच बोर्डाने घातलेला गोंधळ बघू.

फराळाचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या एका ताईंनी हा सेटअप बसवून घेतला. ऐन दिवाळीत त्यांचा फोन आला. "सर, बोर्डवर आज ८१ ऑर्डर आहेत, पण पॅकिंगच्या वहीत ३८ च आहेत. बाकीच्या गेल्या कुठे?" आधी त्यांना वाटलं की पॅकिंग करणाऱ्या मुली ऑर्डर विसरतायत. मुलींना दोन शब्द ऐकावे लागले. शिवाय चार दिवस बोर्डवरच्या आकड्यावरून भाजणी दळून आणली जात होती, तळणीला दोन जादा बायका बसवल्या होत्या. भाजणी टिकते हो, पण तळलेली चकली किती दिवस ठेवणार?

मी त्यांना विचारलं, काल खऱ्या ऑर्डर किती होत्या? ताई म्हणाल्या ४३. आता बेरीज करा. ४३ आणि ३८, बरोबर ८१. म्हणजे आजच्या बोर्डात कालचा अख्खा दिवस पुन्हा येऊन बसला होता.

इथेच पहिली गोष्ट शिकून घ्या. डुप्लिकेट दिसले की आपला हात आधी डिलीटकडे जातो. थांबा. डुप्लिकेट किती आहेत यापेक्षा ते कसे पसरलेत हे बघा, कारण त्या पसरण्यावरूनच भोक कुठे आहे ते कळतं.

पण त्याच्याही आधी सर्व्हरवरची मूळ लॉग फाइल उघडा आणि एखादा ऑर्डर नंबर शोधा. 'ऑर्डर आली' ही ओळ तिथेच दोनदा असेल तर पाइपलाइनला दोष देऊ नका, चूक तिच्या आधी आहे. गिऱ्हाईकाने बटण दोनदा दाबलं असेल, किंवा पेमेंट गेटवेने पैसे मिळाल्याचा निरोप दोनदा पाठवला असेल. हे अगदी नेहमीचं आहे. रेझरपे स्वतःच सांगतं की एकच वेबहुक एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकतो, आणि तो ओळखता यावा म्हणून प्रत्येक घटनेसोबत वेगळा इव्हेंट आयडी पाठवतं. तो आयडी साठवायचा, आणि पुन्हा तोच आला तर गप्प बसायचं, हे काम तुमच्या वेबसाइटच्या कोडचं.

ताईंच्या मूळ फाइलमध्ये मात्र प्रत्येक ऑर्डर एकदाच होती. मग आम्ही पाइपलाइनकडे वळलो.

सगळंच्या सगळं, प्रत्येक ओळ, नेमकं दुप्पट असेल तर बहुतेक वेळा वाट दोन ठिकाणी फुटलेली असते. लॉगस्टॅशमध्ये हे फार सहज होतं. नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फ' शेवट असलेल्या सगळ्या फाइली एकत्र जोडून एकच पाइपलाइन बनते. आपण काय करतो? बदल करण्याआधी फाइलची एक कॉपी करून 'जुनी' असं नाव देऊन तिथेच ठेवतो. कॉपीच्या नावाचा शेवटही 'डॉट कॉन्फ' असेल तर तिच्यातलं आउटपुटही चालू होतं आणि प्रत्येक नोंद दोनदा लिहिली जाते. कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, लॉगस्टॅश रीस्टार्ट करा, संपलं. फाइलबीटमध्येही दोन इनपुट एकाच फाइलकडे बघत नाहीत ना ते तपासा. तिथल्या फाइलस्ट्रीम इनपुटला प्रत्येकी वेगळा आयडी द्यावा लागतो. तो दिला नाही किंवा मध्येच बदलला, तर आधी वाचलेलं पुन्हा वाचलं जाऊ शकतं.

दुसरा प्रकार असा, की नोंदी थोड्याच दुप्पट असतात आणि त्याही रीस्टार्टच्या किंवा नेट गेल्याच्या वेळेच्या आसपास. हा बिघाड नाही, हा फाइलबीटचा स्वभाव आहे. रजिस्टर्ड पोस्टासारखं समजा. पत्र पोचलं, पण पोचपावती परत यायच्या आत लाइट गेली. पाठवणारा काय करणार? पुन्हा पाठवणार. फाइलबीट 'निदान एकदा तरी पोचवीन' एवढीच हमी देतं, 'एकदाच पोचवीन' अशी नाही. मला विचाराल तर धंद्यासाठी हेच बरं. ऑर्डर दोनदा दिसली तर आपण निस्तरू शकतो, दिसलीच नाही तर गिऱ्हाईक गेलं.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या नोंदींचा एकदम लोंढा. फाइलबीट कुठपर्यंत वाचलं याची खूण रजिस्ट्री नावाच्या स्वतःच्या वहीत ठेवतं. ती वही हरवली की पहिल्या पानापासून सुरुवात. डॉकरमध्ये चालवणाऱ्यांनो, तुमच्यासाठी हे खास. फाइलबीटचा डेटा फोल्डर कंटेनरच्या बाहेर व्हॉल्यूमवर ठेवला नसेल, तर कंटेनर नव्याने बनवला की वही गेली.

ताईंचा प्रकारही लोंढ्याचाच होता, पण रोजचा. किबानावर तासाऐवजी मिनिटामिनिटाचा आलेख लावला तेव्हा पहाटे ५:३० ला एक उंच खांब दिसला. रोज, त्याच वेळी. पहाटे साडेपाचला त्रेचाळीस घरांमधून एकदम चकलीची ऑर्डर येणार आहे का? सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, आणि यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची ५:३०. मध्यरात्री त्या सर्व्हरवर लॉगरोटेट चालायचं.

लॉगरोटेट म्हणजे रोज वही बदलणारा मुनीम. तो हे दोन पद्धतींनी करतो. एक, जुन्या वहीचं नाव बदलून नवी कोरी वही ठेवणं. दोन, जुन्या वहीची दुसरीकडे नक्कल काढून मूळ वही पुसून कोरी करणं. या दुसऱ्या पद्धतीला 'कॉपीट्रंकेट' म्हणतात, आणि ताईंच्या सर्व्हरवर तीच चालू होती. फाइलबीट फाइल नावाने ओळखत नाही. आठव्या मालिकेपर्यंत ते डिफॉल्ट सेटिंगमध्ये फाइलचा आयनोड क्रमांक बघतं, म्हणजे डिस्कवरचा तिचा स्वतःचा नंबर. नाव बदललं तरी आयनोड तोच राहतो, पण नक्कल ही नवी फाइल असल्यामुळे तिचा आयनोड नवा. त्यात आपण पाथमध्ये नावाच्या शेवटी चांदणी टाकलेली, म्हणजे त्या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली वाच. ('आपण' म्हणतोय, कारण ती चांदणी व्हिडिओत मीच टाकली होती. माफ करा.) फाइलबीटला वाटलं नवी फाइल आली, आणि त्याने कालचा दिवस पहिल्यापासून वाचला. नोंदीवर वेळही वाचण्याची पडली, म्हणून कालच्या ऑर्डर 'आज'मध्ये आल्या.

उपाय दोन ओळींचा. लॉगरोटेटमध्ये 'कॉपीट्रंकेट' काढून 'क्रिएट' लावा, म्हणजे नाव बदलून नवी फाइल. मात्र त्यानंतर दुकानाच्या प्रोग्रामला नवी फाइल उघडायला सांगावं लागतं, नाहीतर तो नाव बदललेल्या जुन्या फाइलमध्येच लिहीत बसतो. हे प्रोग्राममध्ये जमत नसेल तर निदान पाथमधली चांदणी काढा. कॉपी करणं आणि पुसणं यांच्या मधल्या क्षणात एखादी ओळ हरवण्याचा धोका कॉपीट्रंकेटमध्ये तरीही राहतोच. फाइलबीट ९.० पासून फाइलस्ट्रीम डिफॉल्टने फाइलच्या सुरुवातीच्या मजकुरावरून ओळख पटवतं, त्यामुळे तिथे हा घोळ कमी. पण त्यासाठी फाइलमध्ये निदान १०२४ बाइट असावे लागतात. दिवसाला चार ऑर्डर येणाऱ्या दुकानात तेवढा मजकूर भरेपर्यंत बोर्ड कोराच दिसेल, तेव्हा घाबरू नका.

भोक बुजलं. पण पोस्टमनचा स्वभाव तोच आहे, नेट जाणार, रीस्टार्ट होणार. म्हणून आता खरं काम.

दुधाचा हिशेब घरात दोन तऱ्हांनी ठेवतात. कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात खूण करायची, किंवा वहीत ओळीखाली ओळ लिहायची. नवऱ्याने आणि बायकोने दोघांनीही आज खूण केली, तर कॅलेंडरवर आजचा एकच चौकोन भरतो. वहीत मात्र दोन लिटर होतात. इलॅस्टिकसर्च आपण काही सांगितलं नाही तर वही असते. येणाऱ्या प्रत्येक नोंदीला ते स्वतःच नवा डॉक्युमेंट आयडी देतं, मग ओळ तीच का असेना. तो आयडी आपण दिला की तिचं कॅलेंडर होतं. तीच नोंद पुन्हा आली तर त्याच चौकोनात पडते.

आयडी कशाचा करायचा? लॉगस्टॅशच्या फिंगरप्रिंट फिल्टरला ऑर्डर नंबर आणि स्थिती ही दोन फील्ड एकत्र द्या आणि निघालेला ठसा आउटपुटमध्ये डॉक्युमेंट आयडी म्हणून लावा. नुसता ऑर्डर नंबर घेतलात तर 'ऑर्डर आली', 'पैसे मिळाले', 'रवाना' या तीन नोंदी एकमेकींवर लिहिल्या जातील. अख्ख्या ओळीचा ठसा घेतलात आणि ओळीत ऑर्डर नंबर नसेल, तर एकाच सेकंदाला एक किलो चिवडा मागवणारी दोन खरी गिऱ्हाइकं एक होऊन जातील. हे डुप्लिकेटपेक्षा वाईट, कारण ते कुणालाच दिसत नाही. फाइलचं नावही ठशात घेऊ नका, रोटेशननंतर नाव बदलतं आणि त्याच ओळीचा ठसाही.

अजून एक खाच आहे, तिथे अनुभवी लोकही अडखळतात. आयडी एका इंडेक्सपुरताच एकमेव असतो. आपला इंडेक्स रोज नवा बनतो, म्हणजे कॅलेंडरचं पान रोज बदलतं. कालची ऑर्डर आज पुन्हा आली आणि आजच्या पानावर पडली, तर आयडी असूनही ती दोनदा मोजली जाणार. म्हणून लॉगस्टॅशच्या डेट फिल्टरने ओळीतली ऑर्डरची मूळ वेळ काढून टाइमस्टॅम्पमध्ये भरा. मग इंडेक्सचं नावही त्याच वेळेवरून ठरतं आणि जुनी ऑर्डर जुन्याच पानावर जाते. स्वतःचा आयडी दिला की इलॅस्टिकसर्चला प्रत्येक वेळी 'हा आधी आहे का' बघावं लागतं, लिहिणं थोडं हळू होतं. आपल्या आकाराच्या दुकानाला ते जाणवणार नाही.

हे सगळं होईपर्यंत तात्पुरतं काय? किबानात नोंदींची संख्या मोजण्याऐवजी ऑर्डर नंबरची 'युनिक काउंट' लावा. आकडा मोठा झाला की ती अंदाजे असते, पण काही शेकड्यांपर्यंत चालेल. रकमेची बेरीज मात्र तिने सुधारत नाही, त्यामुळे विक्रीचा आकडा बिलांवरून आणि बँकेवरूनच घ्या. कच्च्या मालाची ऑर्डर तर बोर्डवरून मुळीच देऊ नका. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

चुकलेले जुने दिवस ताईंनी असे निस्तरले. लॉगरोटेटने ठेवलेल्या गेल्या सात दिवसांच्या फाइली आधी दुसरीकडे कॉपी केल्या. मग त्या सात दिवसांचे इंडेक्स पुसले आणि नव्या आयडीच्या सेटअपमधून फाइली पुन्हा पाठवल्या. त्याआधीचे चुकीचे दिवस सुधारायला मूळ फाइलच उरल्या नव्हत्या. म्हणून आता फाइली तीस दिवस ठेवायच्या असं ठरलं आहे.

घरचा अभ्यास: चाचणीच्या सर्व्हरवर दहा खोट्या ऑर्डर टाका. बोर्डवर दहा दिसल्या की फाइलबीट थांबवा, रजिस्ट्रीचा फोल्डर बाजूला हलवा आणि पुन्हा सुरू करा. सगळ्या दहा ओळी पुन्हा पाठवल्या जातील. बोर्डवर किती दिसतात ते लिहून ठेवा. वीस दिसल्या तर आयडी लागलेला नाही, आउटपुटची ओळ पुन्हा तपासा. दहाच दिसल्या तर तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी परत करा, म्हणजे डेट फिल्टर बरोबर बसला की नाही तेही कळेल.