थंडीआधीच वाफे भरा: नाशिकची हिवाळी परसबाग

थंडी पडली की भाजीपाला जोमाने वाढतो, असा समज नाशकात सर्रास आहे. डिसेंबर-जानेवारीत मेथीच्या जुड्या स्वस्त होतात, त्यामुळे तो पक्का होत जातो. पण बाजारातली ती मेथी नोव्हेंबरातल्या उबदार मातीत रुजलेली असते. थंडीत पालेभाजी टिकते, कोवळी राहते, चव धरते. वाढ मात्र तिने आधीच करून घेतलेली असते. रात्रीचे तापमान ८-१० अंशांच्या खाली जाऊ लागले की बी उशिरा रुजते, रोप जागच्या जागी बसून राहते. म्हणून परसबागेचे गणित उलटे मांडावे: कडाका साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, तेव्हा मुख्य पेरणी कोजागरी ते दिवाळी आणि फार तर त्यानंतरचे दोन-तीन आठवडे.

थंडी जिल्हाभर सारखी नसते, हेही ध्यानात घ्यावे. राज्यातला नीचांक म्हणून निफाडचे नाव हिवाळ्यात वरचेवर छापून येते. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेला असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर निवते आणि गार, जड हवा सखल भागात साचून राहते. गोदाकाठच्या मळ्यात जी रात्र घेवड्याला मारते, तीच गंगापूर रोडवरच्या गच्चीवर निभावून जाते, कारण स्लॅब दिवसभराची ऊब रात्री सोडत राहतो. गोदाकाठी राहणाऱ्यांनी याच वेळापत्रकातली पेरणी आठ-दहा दिवस अलीकडे ओढावी.

जागा निवडताना उन्हाळ्यातले ऊन आठवू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेला साडेनऊ फुटांपर्यंत पडते. कंपाउंडच्या उत्तरेला लागून केलेला वाफा त्या दिवसांत ऊनच बघत नाही. वाफे घराच्या दक्षिणेला किंवा मोकळ्यावर घ्यावेत आणि उंच वाढणारा वाटाणा, वालाचा मांडव उत्तरेच्या कडेला ठेवावा, म्हणजे त्यांची सावली बाकीच्यांवर येणार नाही.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि सकाळी उशिरापर्यंत गार राहते. त्यासाठी गादीवाफा वीतभर उंच करावा आणि त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घातले तर हुमणी आणि वाळवी ओढवून घ्याल. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात थोडी वाळू आणि तांबडी माती मिसळली की गाजर सरळ उतरते. नुसत्या चिकण काळ्या मातीत त्याला फाटे फुटतात. गाजरासाठी पुसा केशर किंवा नॅन्टीस घ्यावे. मुळ्यात पुसा चेतकी उष्ण दिवसांसाठी, हिमानी थंडीसाठी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

वाणाची निवड सर्वांत जास्त नडते ती फ्लॉवरमध्ये. फ्लॉवरचा गड्डा तापमान बघून धरतो. पुसा दीपालीसारखी लवकरची वाणे २०-२५ अंशांत गड्डा धरतात, तर स्नोबॉल १६ ला १० ते १६ अंशांची गारठ लागते. लवकरचे वाण उशिरा, थंडीत लावले की रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा येतो आणि तिथेच थांबतो. उशिराचे वाण ऑगस्टमध्ये लावले तर नुसता पाला वाढतो. रोपवाटिकेत ‘हायब्रीड आहे, चांगले येते’ एवढ्यावर समाधान मानू नका. वाण कोणते आणि कोणत्या हंगामाचे, हे विचारूनच रोप उचला. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात गादीवाफ्यावर टाकलेले स्नोबॉलचे बी चार-पाच आठवड्यांत लावणीला येते आणि त्याचा गड्डा नेमका थंडीत भरतो. कोबीचे इतके नखरे नाहीत. गोल्डन एकर घरच्या बागेला उत्तम, गड्डा लहान आणि एका जेवणात संपणारा.

मेथी आणि कोथिंबीर एकदम सगळी पेरू नये. वाफ्याचे तीन-चार तुकडे पाडून दहा-बारा दिवसांच्या अंतराने एकेक पेरावा. धने हलके रगडून दोन फाका करूनच टाकावेत. पालक एकदा पेरला की महिना-सव्वा महिन्यात पहिली कापणी आणि पुढे पंधरा-वीस दिवसांनी एकेक कापणी देतो. थंडीत हे अंतर वाढते, त्याला इलाज नाही. वाटाण्याचे अर्केल नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टोकावे. टोमॅटो-मिरचीची रोपे दसऱ्याच्या आसपास लावलेली बरी, कारण रात्र १३ अंशांच्या खाली गेली की टोमॅटोची फुले गळतात.

लासलगावच्या जिल्ह्यात राहून घरी कांदा पिकवण्यात हशील नाही, पण पातीसाठी एक ओळ अवश्य लावा. डिसेंबरात उन्हाळी कांद्याच्या लागणी सुरू असतात, तेव्हा ओळखीच्या मळ्यात उरलेल्या रोपांची मूठ सहज मिळते. बहुतेक ठिकाणी रोप एन-२-४-१ चे असते, याच जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून निघालेले. लसणाच्या पाकळ्या मात्र नोव्हेंबरातच टोचाव्यात. गड्डा धरायचा तेव्हा धरेल, पण तोवर हिरवी पात ठेच्याला हाताशी राहते.

कडाक्याच्या दिवसांत दोन चुका घरोघरी होतात. पहिली म्हणजे पाने जांभळट पडली की युरिया टाकणे. जमीन गार झाली की मुळांना स्फुरद उचलता येत नाही, म्हणून पाने रंग बदलतात. खत वाढवून काही साधत नाही. ऊन वाढले की रोप आपोआप सावरते. दुसरी चूक संध्याकाळी झारीने पानांवर पाणी शिंपडण्याची. रात्रभर ओली राहिलेली पाने म्हणजे बुरशीला आमंत्रण. एरवी पाणी सकाळी ऊन आल्यावर, बुंध्याशी द्यावे. विहिरीचे पाणी असेल तर सकाळी ते कोमट असते. कडाक्याची रात्र येणार असे दिसले तर दुपारीच सऱ्या भिजवाव्यात. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री सावकाश सोडते. द्राक्षबागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. परसबागेला जुनी साडी किंवा गोणपाट पुरते. काठ्या रोवून ते वर टाकावे, पानांना टेकू देऊ नये आणि सकाळी काढून घ्यावे. ढगाळ रात्री झाकण्याची गरज नसते.

ढग आले की धास्ती मावा आणि भुरीची. कोबीभोवती मोहरीची चार रोपे टोका, म्हणजे मावा आणि कोबीचा पतंग आधी तिकडे वळतो. मग मोहरीवरच फवारून तो आटोक्यात आणता येतो. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचे थोडे पाणी घालून फवारा. वाटाण्यावर भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारे गंधक पाकिटावरच्या प्रमाणात वापरा.

भेंडी, गवार, दोडका, काकडी यांना या दिवसांत हात लावू नका. गार मातीत भेंडीचे बी नुसते कुजते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दोडक्या-काकडीचे बी दह्याच्या रिकाम्या डब्यांत, तळाला भोक पाडून, उन्हातल्या खिडकीत रुजवा. फेब्रुवारीत वाटाणा उतरून वाफा मोकळा होईल तोवर रोपे चार पानांवर येतात. वाटाण्याचा मांडव मोडू नका, हे वेल त्यावरच चढवा.