आधी भिंग, मग बाटली

हे बघ पोरी, माशांच्या टाकीच्या काचेवर पांढरं काहीतरी वळवळताना दिसलं की लगेच औषध आणायला पळायचं नाही. दुकानदार बाटली देणारच, त्याचा तो धंदा आहे. तू आधी खोलीतले दिवे बंद कर, मोबाइलची बॅटरी आणि एक भिंग घे आणि काचेला नाक लावून बस. कोण आलंय ते कळल्याशिवाय पाण्यात थेंबही टाकायचा नाही. बाटलीतलं बरंचसं औषध किडा आणि श्रिम्प असा भेद करत नाही. गोगलगायी मारायच्या बऱ्याच औषधांत मोरचूद असतो, आणि तांब्याने चेरी श्रिम्प माशांच्या आधी जातात. लेबलवर ‘कॉपर सल्फेट’ दिसलं की बाटली खाली ठेवायची.

केसासारखा बारीक, नागमोडी वळवळणारा दोरा असेल तर निवांत राहा. तो वाळूतला किडा आहे. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यावरच जगतो. एरवी दिसतही नाही. खाणं जास्त पडलं, वाळू कोंदली की वर येतो. तुटक तुटक उड्या मारत जाणारे पांढरे ठिपके म्हणजे सायक्लोप्स. खसखशीएवढे, घाईघाईने फिरणारे ते ऑस्ट्राकॉड. गप्पीच्या पिल्लांना हा फुकटचा खुराक आहे, राहू देत.

लक्ष ठेवायचं ते दोघांवर. पहिला प्लॅनेरिया. हा वळवळत नाही, काचेवरून सरकतो, जणू खाली चाकं आहेत. डोकं त्रिकोणी आणि त्यावर डोळ्यांचे दोन ठिपके. भिंगातून बघितलंस तर तिरळा बघतोय असं वाटेल. त्याला उजेड सोसत नाही, म्हणून दिवसा वाळूत आणि मॉसमध्ये दडून रात्री फिरतो. मोठ्या माशांना त्याचा त्रास नाही, पण अंडी आणि श्रिम्पची नुकती जन्मलेली पिल्लं तो सोडत नाही. काचेवरच ब्लेडने खरवडून टाकू, असं तुझ्या आईच्या डोक्यात येईल. तिला सांग, तसं करायचं नाही. तुकडे पाण्यात पडतात आणि एकेका तुकड्यातून अख्खा नवा प्लॅनेरिया उभा राहतो.

त्याच्यासाठी सापळा लाव. डोळ्यांच्या औषधाची छोटी बाटली स्वच्छ धुऊन घे आणि तापवलेल्या सुईने झाकणाला दोन-तीन बारीक भोकं पाड. भोकं एवढीच, की किडा शिरेल आणि श्रिम्प शिरणार नाही. आत कच्च्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा टाक, बाटली पाण्याने भर आणि रात्री दिवा मालवल्यावर वाळूवर आडवी ठेव. सकाळी दिवा लावायच्या आधी काढायची. उशीर केलास तर पाहुणे जेवून घरी गेलेले असतात. बाटलीतलं सगळं गरम पाण्यात ओत. असं ओळीने काही रात्री करत राहा. सापळ्याने सगळे संपत नाहीत, पण कमी झाले की बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

नाहीच आटोपले तर फेनबेंडाझोल, जनावरांना जंतांवर देतात ते. दहा लिटर पाण्याला साधारण 6 मिलिग्राम, आणि टाकीतलं पाणी लिटरमध्ये मोजून, अंदाजपंचे नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून बारीक कुटून बाटलीत पाण्याबरोबर खूप हलवायचं. श्रिम्पना ते सोसतं. गोगलगायींना सोसत नाही, त्यातही नेराइटना, आणि औषध वाळूत बराच काळ रेंगाळतं. त्यामुळे हव्या त्या गोगलगायी आधीच दुसरीकडे हलव. ‘नो प्लॅनेरिया’ नावाची पूड मिळते, तिच्यात सुपारीचा अर्क असतो. गंमत म्हणजे सुपारी हे जंतांवरचं जुनंच औषध. म्हणून आजोबांच्या पानाच्या डब्यातली सुपारी टाकीत टाकू नकोस, तिचा डोस कोण ठरवणार! औषध कुठलंही दे, मेलेले किडे वाळूत कुजतात आणि पाणी बिघडतं. तेव्हा दोन दिवसांनी वाळूतून नळी फिरवून अर्धं पाणी बदल.

दुसरा हायड्रा. जेमतेम सेंटिमीटरभर देठ, टोकाला पसरलेले धागे. काडी लावलीस की आक्रसून मण्याएवढा होतो. ओळखायची हीच खूण. धाग्यांत डंख असतो, त्याने तो नुकती पोहायला लागलेली पिल्लं पकडतो. पिल्लांना आर्टेमिया घालतेस ना? हायड्राला पोसतेस ती तूच. महिनाभर ते बंद ठेवलंस की त्याची वाढ थांबते. थ्री-स्पॉट गुरामी मासा हायड्राला टिपून खातो, पण श्रिम्पच्या टाकीत गुरामी सोडशील तर श्रिम्पही जातील. फेनबेंडाझोल हायड्रावरही चालतं. कापाकापी इथेही नको; 1740 च्या सुमारास अब्राहम ट्रेंब्लेने हायड्राचे तुकडे करून पाहिले, तर तुकड्यातुकड्यातून नवा हायड्रा उगवला आणि युरोपभर चर्चा झाली.

हे सगळे येतात बहुतेक करून झाडांबरोबर. क्रॉफर्ड मार्केटमधून वनस्पती आणलीस की पिशवीतलं पाणी मोरीत, टाकीत नाही. पानांमागे चिकट जेलीचा ठिपका दिसला तर ती गोगलगायीची अंडी, बोटाने पुसून काढ. मग लिटरला चमचाभर तुरटीची पूड घातलेल्या पाण्यात दोन-तीन तास, नंतर खळखळून धुऊन दोन आठवडे वेगळ्या बादलीत. माशांना घालायला म्हणून जिवंत ट्युबिफेक्स किडे तर आणूच नकोस. ते गटारातून येतात आणि सोबत काय काय आणतील याचा नेम नाही.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच घाल. आठवड्यातून एक दिवस उपास ठेव, माशांना काही होत नाही. घरात गुरुवार धरतातच, त्यातच टाकी धरायची. आठवड्याला पाव भाग पाणी बदल, नवं पाणी क्लोरीन घालवूनच. आणि सायफनची नळी तोंडाने ओढू नकोस. आधी नळी पाण्यात बुडवून भरून घे, टोकाला अंगठा लाव, बादलीशी नेऊन सोड.