उदासी सरत नसेल तर उपचार घ्यावेत का?

‘मन उदास आहे’ असे सांगत दवाखान्यात येणारा माणूस आपल्या भागात विरळाच. तो येतो डोके जड आहे, अंग मोडून येते, भूक मेली, पहाटे तीनला उघडलेला डोळा पुन्हा लागत नाही, अशा तक्रारी घेऊन. बरेचदा ‘एक सलाईन लावून द्या’ असाही आग्रह असतो. (सलाईन म्हणजे मीठपाणी किंवा साखरपाणी. त्याने उदासी धुऊन निघत नाही.) थोडे खोदून विचारले की मग हळूच निघते, ‘काही करमूनच नाही राहिलं साहेब, कामात जीवच नाही लागत.’ रिसोडचा दुकानदार असो की मानोऱ्याकडची शेतकरीण, शब्द बहुतेक हेच असतात. त्यापुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही. हे आपोआप जाईल, की यावर औषधपाणी करावे?

दुःख हा आजार नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. ऐन सोंगणीत पाऊस येऊन सोयाबीन काळे पडले, घरातले माणूस गेले, मुलीचे जमलेले लग्न मोडले, तर मन खचणारच. त्याला गोळी लागत नाही. माणसे, काम आणि काळ यांनी ते बहुधा ओसरते. अशा दुःखात माणूस मध्येच नातवाच्या बोलण्यावर हसतो, आवडीचे जेवण दोन घास जास्त जेवतो. नैराश्याच्या आजारात हा उसंतीचा क्षणच येत नाही. वैद्यकशास्त्राने यासाठी दोन आठवड्यांची मोजपट्टी ठरवली आहे. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातही रस वाटत नसेल, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, रोजची कामे अडत असतील, तर तपासणी करून घ्यावी. पोळ्याला बैल सजवण्यात रात्र जागवणारा माणूस यंदा गोठ्याकडे फिरकलाच नाही, ही खूण घरच्यांनी ओळखायची असते.

इथे एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो. ‘डोक्यावर कर्ज आहे, मग उदास राहणारच. यात आजार कसला?’ मला हा युक्तिवाद पटत नाही. बंडीवरून पडून पाय मोडला, तर पाय का मोडला हे सगळ्यांना ठाऊक असते, तरीही आपण प्लास्टर घालतोच. कारण समजले म्हणून हाड जुळत नाही. गोळीने किंवा समुपदेशनाने कर्ज फिटणार नाही हे खरे. पण दिवसभर भिंतीकडे पाहत बसलेला माणूस बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचे बोलू शकत नाही, पीकविम्याचा अर्ज भरू शकत नाही. उपचाराने तो निदान उठून तिथपर्यंत जातो.

तपासणीची सुरुवात शरीरापासून करावी, असा माझा आग्रह असतो. थायरॉईडचे काम मंदावले, रक्त कमी असले, बी-१२ जीवनसत्त्व घटले किंवा मधुमेह ताब्यात नसला, तरी थकवा आणि मरगळ येते आणि ती उदासीसारखीच दिसते. रक्ताच्या साध्या तपासण्यांत हे कळते. दारूचीही विचारपूस करावी लागते. ‘टेन्शन जाण्यासाठी थोडी घेतो’ असे सांगणाऱ्याला तीच दारू झोप मोडून दुसऱ्या दिवशी आणखी खाली ओढत असते.

शरीर ठीक निघाले तर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली विचारली जाते. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झाले, याला शून्य ते तीन असे गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक आले तर पुढची सविस्तर तपासणी हवी. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘हो’ असेल, तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, डॉक्टरांना लगेच दाखवावे.

हा आजार किती जणांना होतो? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या दर वीस प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले असते, आणि आजारी असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी या आजाराविषयी बोलले गेले. आधी नैराश्य असलेल्यांपैकी शंभरातले चार जण मदत घेत होते, नंतर सत्तावीस घेऊ लागले. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे लोकांना उपचार नको असतात असे नाही. विचारणारा कोणी भेटत नाही, हीच खरी अडचण दिसते.

गोळ्यांची भीती वाटणाऱ्यांसाठी गोव्याचा दाखला सांगण्यासारखा आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी निम्म्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के. या बैठकांत उपदेश नव्हता. मन लागल्यावर काम करू असे न म्हणता, रोज ठरलेल्या वेळी एखादे छोटे काम करायचे आणि त्याने मनात काय फरक पडतो ते पाहायचे, हा त्यातला गाभा. सकाळी मारुतीच्या पारापर्यंत चालून येणे, शेजारणीकडे बसून दोन जुड्या भाजी निवडणे, इतके लहान काम चालते. सौम्य उदासीत हे घरीही सुरू करता येते. पण दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर थांबू नये.

गोळ्या लागल्याच तर त्यांचा स्वभाव समजून घ्यावा. नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते, आणि नेमके तेव्हाच पुष्कळ जण ‘मानवली नाही’ म्हणून सोडतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवावी लागते आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. हिची सवय लागते हा समज झोपेच्या गोळ्यांवरून आलेला आहे. त्या वेगळ्या, आणि दुकानातून परस्पर आणून घेण्याच्या तर मुळीच नव्हेत.

पैशाची अडचण असेल तर वाशिमचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. शेतकरी कुटुंबांसाठी राज्याने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, त्यात आपला जिल्हाही होता. गावातल्या आशाताईंना विचारले तर कुठे जायचे ते सांगतील. लोक काय म्हणतील म्हणून पाय उचलत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली.

घरच्यांसाठी शेवटचे. ‘मी गेलो तर तुमचा त्रास तरी मिटेल’ असे कोणी म्हणाले, उगाच देणीघेणी मिटवू लागले, तर ‘असं बोलू नको’ म्हणून विषय टाळू नये. ‘मरणाचे विचार येतात का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट कोंडलेले बाहेर पडते. त्या माणसाला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. काही अघटित घडलेच, तर पोलीस केसच्या भीतीने वेळ घालवू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरून त्याला शिक्षा न करता मदत द्यावी, असे तो सांगतो. तडक जवळच्या रुग्णालयात न्यावे, आणि कोणते औषध पोटात गेले ते डॉक्टरांना कळावे म्हणून डबा सोबत घ्यावा.

बाळंतपणानंतर येणाऱ्या उदासीविषयी पुढच्या आठवड्यात.