आश्रयगृहातील तरुण कुत्र्यास नवे घर
गोव्यातील प्राणी-आश्रयगृहांतून पिल्लास घर लवकर मिळते. वर्षभराचा, अंगावर उड्या घेणारा कुत्रा मात्र मागे राहतो. त्याची चपळाई ही खोड नव्हे, वयाचा धर्म होय. दिवसभर साखळीने बांधल्यास तो भुंकतो, चपला कुरतडतो आणि अखेर आश्रयगृहात परत धाडला जातो. यास्तव त्याला नेणाऱ्याने प्रथम पाहावे, की सकाळ-संध्याकाळ त्यास फिरवून आणणारे घरात कोण आहे. कुंपणाचे अंगण असल्यास उत्तम. परंतु नुसती मोकळी जागा पुरत नाही, माणसाची सोबत हवी. आश्रयगृहानेही त्याचा स्वभाव लपवू नये. गोवा राज्य २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तथापि प्रतिबंधक लस दरवर्षी टोचावी लागते. तिचा दाखला कुत्र्यासोबतच मागून घ्यावा.