इंजन हवा धरते म्हणजे काय?

मुलांनो, हरभऱ्याचे ओलित चालू असते आणि विहिरीवरचे जुने डिझेल इंजन भकभक करत बंद पडते. दांड कोरडा. वडील म्हणतात, "हवा धरली!"

या इंजनाला प्लग नसतो. आतली हवा जोराने दाबली की तापते. त्यात डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी असे इंजन १८९७ मध्ये जर्मनीत चालवून दाखवले.

टाकी पार रिकामी होऊ दिली की नळीत बुडबुडा शिरतो. डिझेल दबत नाही, हवा दबते. (सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा, कळेल.) पंपाचा जोर बुडबुडाच खातो, फवारा उडत नाही. मग मोठी माणसे फिल्टरवरचा स्क्रू सैल करतात आणि फेस जाऊन नुसते डिझेल येऊ लागले की आवळतात. काळा धूर निघत असेल, तर मात्र आधी हवेचा फिल्टर धुळीने तुंबला का ते पाहावे.