स्टॅक की क्यू? केळीच्या कॅरेटवरून समजून घ्या

२०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालेली आपली जळगावची केळी धुळ्याच्या दुकानात आली, असं समजा. रोजची नवी कॅरेट जुन्यांवर रचली आणि वरूनच विकली, तर तो झाला स्टॅक: शेवटी आलेलं आधी बाहेर. खालचा माल काळा पडतो, पैसे बुडतात!

म्हणून क्यू: आधी आलेलं आधी विका. टाकणं-काढणं दोन्हीत एकेका पायरीचं काम, कॅरेट १० असोत की १०००. फरक फक्त क्रमाचा.

पण कालचं कॅरेट परवाच्या आधी पिकलं तर? जास्त पिकलेलं आधी काढायचं. हाच प्रायॉरिटी क्यू. तो हीपने बनवला, तर १००० कॅरेटनाही प्रत्येक वेळी साधारण १० टप्पे पुरतात.

कोड लिहिण्याआधी स्वतःला विचारा: आधी बाहेर कोण येणार?